दक्षिणमुखी दगड

खोपोली स्थानकातून बाहेर या आणि पूर्वेकडे पाहा. बोरघाट समोर उभा आहे. पावसाळ्यात आला असतात तर झाडी, धुकं आणि झेनिथच्या धबधब्याखालची झुंबड यापलीकडे काही दिसलं नसतं. तुम्ही मार्चअखेरीस आला आहात, गवत वाळलंय आणि कातळ उघडा पडलाय. थरावर थर, थरावर थर, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजल्यासारख्या तांबड्या मातीचा पट्टा. कर्जत लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला नेरळ म्हणजे माथेरानची गाडी आणि खंडाळा म्हणजे थंड हवा. भूशास्त्रज्ञाला नेरळ, ठाकुरवाडी, खंडाळा ही लाव्ह्याच्या गठ्ठ्यांची नावं आहेत, खालून वर रचलेल्या.

तुमच्याजवळ दोन वस्तू आहेत. एक साधं होकायंत्र. दुसरी, काचपट्टीवर बसवलेला षट्कोनी बोरॉन नायट्राइडचा पापुद्रा. डोळ्यांना तो जेमतेम एक डाग दिसतो. त्यात अणूंचे शंभरेक पत्रे एकावर एक आहेत आणि दोन पत्र्यांमधलं अंतर एका नॅनोमीटरचा तिसरा हिस्सा. या पत्र्यांतून जागोजागी बोरॉनचा एकेक अणू मुद्दाम उडवलेला आहे. पापुद्रा आणलाय तो त्या खोटींसाठी. त्यांचं काय करायचं ते कळायला वेळ आहे, तोवर काच जपा.

जागा शक्यतो बदलायची नाही, काळ बदलेल, असा या प्रवासाचा नियम. मी तो दोन-तीनदा मोडणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली उडी छोटी. फेब्रुवारी १९१५. खोपोली अजून गावच आहे, पण घाटावरून उतरलेले पोलादी पाइप उन्हात चमकतायत. वर लोणावळ्याकडे वळवण, शिरवटा इथे पाणी अडवलंय. तिथून सुमारे ५०० मीटर खाली कोसळून ते इथली चाकं फिरवतं आणि मग पाताळगंगेला मिळतं. टाटांच्या या वीजघराची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार आहे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली, त्याची चर्चा बाजारात चालू आहे. तुम्ही वर बघत उभे असता. मुकादम ओरडतो, “ओ मास्तर, पाइपाखालून बाजूला व्हा!”

बाजूला होऊन होकायंत्र उघडता. काटा उत्तरेला. एवढी यंत्रं धडधडतायत तरी काटा ढिम्म, कारण इथला प्रवाह सेकंदाला कित्येकदा दिशा बदलतो आणि इकडे वळावं की तिकडे हे ठरवायला काट्याला सवडच मिळत नाही. सलग एकाच दिशेने वाहणारी वीज मात्र त्याला छळते. त्या छळापायी याच जिल्ह्यात एक वेधशाळा उभी राहिली आहे, आणि तिच्यासाठी नियम मोडायला हरकत नाही.

दहा-अकरा वर्षं मागे आणि समुद्राच्या बाजूला: अलिबाग, १९०४. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापं घेतली जात होती. आता मुंबईत घोड्यांच्या ट्रामची जागा विजेची ट्राम घेणार. तिचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपणार आणि कुलाब्याच्या नाजूक काट्यांना थरथर सुटणार. वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी उपकरणं अलिबागला हलवायचं ठरवलं. मला या गृहस्थांचा हेवा वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी: १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं त्यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापं घेतली. जुन्या नोंदीची नवीशी गाठ बांधली, मगच जुनी बंद केली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर काटे सुखरूप खाडीपार पोचले होते.

वेधशाळेच्या भिंतीला हात लावा. दगड पिवळसर आहे, पोरबंदरहून आणलेला. कोकणात काळ्या पाषाणाला काय तोटा? देवळं त्याची, विहिरी त्याच्या, बांध त्याचे. पण चुंबक मोजायच्या घराला काळा पाषाण चालत नाही, कारण तो स्वतःच चुंबक आहे. मंद, हट्टी आणि फार जुना. आज ही वेधशाळा नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि इथलं पृथ्वीचं क्षेत्र ४३ मायक्रोटेस्लांच्या आसपास भरतं. हा आकडा लक्षात असू द्या. तो फार दुबळा आहे.

परत खोपोलीच्या खालापूर तालुक्यात. फेब्रुवारी १६६१. उंबरखिंड. झाडीत मराठे दबा धरून बसले आहेत, खाली मोगलांच्या कारतलबखानाची फौज अरुंद वाटेत अडकली आहे, त्याच्याबरोबरची सरदार रायबागन त्याला काही तरी परोपरीने समजावते आहे. इथे पाय निघत नाही, मान्य. पण एवढ्या भाल्या-तलवारींच्या लोखंडात होकायंत्राचा काही उपयोग नाही, आणि ही लढाई दुसऱ्यांनी चांगली लिहिलेली आहे. चला.

आता मोठी उडी. ६ कोटी ६० लाख वर्षं.

घाट नाही. सह्याद्रीच नाही. पश्चिमेला जिथे अरबी समुद्र हवा तिथे जमीन आहे; सेशेल्स बेटांचा तुकडा अजून भारताला लागून आहे. दुपार झाली आहे आणि सूर्य उत्तरेला आहे. खालापुरात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर दुपारी तुमची सावली उत्तरेला पडते. इथे ती दक्षिणेला पडली आहे आणि बाराही महिने तिथेच पडेल, कारण तुम्ही उभे आहात ती जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांवर आहे. जागा बदलायची नाही असा नियम केला खरा, पण जागेनेच तो पाळलेला नाही. पुढच्या काळात ही जमीन ५ हजारांहून जास्त किलोमीटर उत्तरेला सरकणार आहे आणि सरकता सरकता घड्याळाच्या उलट दिशेने थोडी वळणार आहे.

पायापासून थोड्या अंतरावर लाव्हा आहे. सिनेमात उसळतो तसा उसळत नाही. राखाडी साय धरलेल्या जिभा सावकाश पुढे सरकतात, साय फाटते, आतून लाल जीभ निघते, तीही साय धरते. आत वायूचे बुडबुडे अडकलेत. कालांतराने पाणी झिरपून या पोकळ्यांत स्फटिक वाढतील आणि आमच्याकडची पोरं त्यांना गारगोट्या म्हणून गोळा करतील. तापमान हजार अंशांच्या वर. आता थांबावं लागेल. काही मीटर जाडीचा थर निवायला महिने लागतात, त्याहून जाडाला वर्षं. तुम्हाला घाई असेल तर काळाला घाई करता येते, तेवढा अधिकार लेखकाला असतो.

होकायंत्र उघडा. काटा फिरतो, डुलतो आणि दक्षिणेवर येऊन थांबतो. त्यात बिघाड नाही. या काळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच उलटं आहे. भूशास्त्रज्ञ या कालखंडाला ‘२९-आर’ म्हणतात, उलट्या काळांच्या यादीतला क्रमांक. सह्याद्रीतले वरचे अगदी शेवटचे लाव्हे, महाबळेश्वरच्या माथ्याजवळचे, निवतील तोवर क्षेत्र पुन्हा पलटलेलं असेल. खंडाळ्याचे थर मात्र या उलट्या क्षेत्रात निवणारे आहेत.

लाव्हा काळा पडत चाललाय. त्यात मॅग्नेटाइटचे कण तयार झालेत, पुष्कळांत टायटॅनियम मिसळलेलं. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ५८० अंश सेल्सिअस ही सीमारेषा आहे. तिच्या वर लोहाच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांचे चिमुकले चुंबक, सैरावैरा असतात, कुणाचं कुणाला देणंघेणं नाही. सीमारेषेखाली आले की शेजारी शेजाऱ्याला जखडतो आणि कण चुंबक होतो. टायटॅनियम जितकं जास्त तितकी ही रेषा खाली. आणखी थोडं निवलं की कणाला दिशा बदलण्याएवढी ऊब उरत नाही आणि त्या क्षणी पृथ्वीचं क्षेत्र जिकडे असेल तिकडे तो कायमचा वळून बसतो. ज्या क्षेत्राने हे घडवलं ते काही दशक मायक्रोटेस्लांचं, फ्रिजवर चिकटणाऱ्या खेळण्यातल्या चुंबकापेक्षा कितीतरी दुबळं. घडलेलं मात्र ६ कोटी वर्षं टिकतं.

तुमच्या पायाखालचा दगड आता दक्षिणमुखी झाला आहे.

१९५० चं दशक. पुन्हा घाट, पुन्हा ओळखीची उन्हं. काही माणसं कातळावर वाकली आहेत. दगड फोडण्याआधी ते त्याच्यावर बाण काढतात, उतार मोजतात, दिशा लिहितात. बाण न काढता सुटलेला दगड त्यांच्या दृष्टीने मुका. वीज पडण्याजोगी माथ्यावरची टोकं ते टाळतात, कारण विजेचा एक लोळ दगडाची जुनी दिशा पुसून स्वतःची लिहून जातो. काही ठिकाणी तर या कातळाजवळ होकायंत्रावर भरवसाच ठेवता येत नाही. अशा वेळी सूर्याची सावली आणि घड्याळ यांच्यावरून दिशा काढायची. यांपैकी काही लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पी. एम. एस. ब्लॅकेट यांच्याकडचे: क्लेग, डॉइच, ग्रिफिथ्स. त्यांचा भारतातल्या खडकांवरचा लेख १९५६ चा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच यांच्याबरोबर पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती हेच काम पुढे नेतात.

त्यांच्या उपकरणाची कुळकथा मला या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडते. ब्लॅकेट यांची एक कल्पना होती: कुठलीही फिरणारी वस्तू, केवळ फिरते म्हणून, थोडी चुंबक होत असेल. ती तपासायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून १५ किलोंहून अधिक वजनाचं सोन्याचं नळकांडं उसनं आणलं आणि त्याच्याजवळ धरायला एक विलक्षण संवेदनशील यंत्र बांधलं: एका बारीक तंतूवर एकमेकांच्या विरुद्ध तोंडाचे चुंबक, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र आपोआप वजा व्हावं. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की कल्पना चुकीची होती. सोनं परत गेलं. यंत्र उरलं, आणि ते दगडांसाठी अगदी नेमकं निघालं.

त्या तंतूखाली खंडाळ्याचा दगड ठेवलेला पाहा. हलू नका, खिशात किल्ल्या असतील तर बाहेर ठेवून या. आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकतो. दिशा येते: दक्षिण-आग्नेय, खाली झुकलेली. दक्षिण, कारण क्षेत्र उलटं होतं. आग्नेयेकडे कल, कारण मधल्या काळात भारत वळला. झुकाव बराच, कारण दगड निवला तेव्हा विषुववृत्तापासून खूप दूर होता. खंड सरकतात ही गोष्ट तेव्हा पुष्कळ मोठ्या विद्वानांना पटत नव्हती. बोरघाटातला दगड त्या वादातला एक साक्षीदार झाला.

पण तंतूला दिसते ती सगळ्या दगडाची बेरीज. त्या मुठीएवढ्या तुकड्यात अब्जावधी कण आहेत, त्यांचं सगळ्यांचं म्हणणं एकच आहे असं समजायला काही कारण नाही. एकेका कणाचं ऐकायचं तर त्याच्या अगदी कानाशी जावं लागेल. आकडे पाहा. १०० नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा कण घ्या, पूर्ण चुंबकित. त्याच्या मध्यापासून १०० नॅनोमीटरवर त्याचं क्षेत्र साधारण ०.१ टेस्ला, म्हणजे अलिबागच्या आकड्याच्या हजारो पट. १० मायक्रोमीटरवर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर, ते त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्यावर आलेलं असतं. अंतर शंभरपट, क्षेत्र दहा लाख पटींनी कमी. इथे यंत्राच्या ताकदीपेक्षा त्याची जवळीक कामाची, असं माझं मत आहे, आणि खिशातला पापुद्रा त्यासाठीच आहे.

आणखी एकदा नियम मोडा. जर्मनी, वुर्झबर्ग, २०२०. क्ष-किरण याच गावात १८९५ मध्ये सापडले. इथले आणि सिडनीचे संशोधक तुमच्याजवळ आहे तसल्या पापुद्र्यावर हिरवा लेसर टाकतायत. असे पापुद्रे ज्यांच्यापासून निघतात ते उत्तम स्फटिक जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्यात जपानमधल्या त्सुकुबाच्या वातानाबे आणि तानिगुची यांचा वाटा मोठा. पत्र्यात बोरॉन आणि नायट्रोजन आळीपाळीने बसलेले असतात. पंगतीत एखादं पान रिकामं झालं की शेजारी त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहतात. इथे बोरॉन उठून गेला की तीन नायट्रोजन शेजारी उरतात आणि त्या जागेत एक जादा इलेक्ट्रॉन येऊन बसतो. जागा ऋणभारित होते. तिथल्या दोन बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन मिळून तीन पायऱ्या बनतात: शून्य, अधिक एक, उणे एक. बोरॉन उठवायचा कसा? न्यूट्रॉनांचा किंवा आयनांचा मारा करून. बोरॉन-१० हा अणू तर न्यूट्रॉन आवर्जून गिळतो.

हिरवा प्रकाश पडला की ही खोट ८०० नॅनोमीटरच्या आसपास उजळते. तुम्हाला तो उजेड दिसणार नाही, डोळ्यांच्या टप्प्यापलीकडचा आहे. शोधक यंत्राला दिसतो. तोच हिरवा प्रकाश स्पिनला शून्याच्या पायरीवर आणून ठेवतो आणि त्या पायरीवर खोट जास्त उजळ असते. आता ३.४८ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडा. स्पिन पायरी बदलतो आणि उजेड थोडा उतरतो. (गंमत म्हणजे भारतात फाइव्ह-जीला दिलेल्या ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही वारंवारता बसते.) जवळ चुंबक आणलात की अधिक एक आणि उणे एक या पायऱ्या एकमेकींपासून दूर सरकतात: दर मिलिटेस्लाला प्रत्येकी २८ मेगाहर्ट्झ. उजेड कुठल्या वारंवारतेला उतरला एवढं पाहायचं, क्षेत्र कळलं. हे सगळं खोलीच्या तापमानाला. थंड हेलियमची पिंपं नकोत.

खोलीत नुसता धरून मात्र हा पापुद्रा उत्तर-दक्षिण सांगणार नाही. पृथ्वीच्या ४३ मायक्रोटेस्लांनी उजेड उतरतो ती त्याची रेषा फार तर सव्वा मेगाहर्ट्झ सरकायची, आणि रेषेची स्वतःची रुंदीच शंभर मेगाहर्ट्झच्या घरातली. भोवतालच्या अणुकेंद्रकांची कुजबुज तिला रुंद करते. बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१५ निवडून स्फटिक वाढवला की ती काहीशी आवळते, अलीकडची कामं त्या दिशेने चालली आहेत. दुबळ्या क्षेत्राला हिराच बरा: त्यातली नायट्रोजनशेजारची रिकामी जागा २.८७ गिगाहर्ट्झला प्रतिसाद देते आणि तिची रेषा कितीतरी बारीक. हिऱ्याचा असा सूक्ष्मदर्शक दगडांवर चालतो हे हार्वर्डच्या मंडळींनी २०१७ मध्ये दाखवलं. आपल्याकडे पवईला, आयआयटी मुंबईत, कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या याच खोटींवर चुंबकीय प्रतिमा घेतो. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचं संवेदन आणि मापन केंद्रही तिथेच दिलं गेलंय. पण हिरा ठोकळा आहे. खोट पृष्ठभागाला फार जवळ आणली तर ती बिथरते. पापुद्र्याला पृष्ठभागाखेरीज दुसरं काही फारसं नाहीच, शिवाय त्यातल्या सगळ्या खोटींचा अक्ष एकाच दिशेला, पत्र्याला लंब. हिऱ्यात चार दिशा सांभाळाव्या लागतात.

शेवटची उडी पुढची आहे, म्हणून कल्पनेची. पवईसारखी एखादी प्रयोगशाळा, दार बंद, हिरवा ठिपका. खंडाळ्याच्या दगडाची चकती आरशासारखी घासलेली, कडेला बाणाची खूण. तुम्ही खिशातली काच काढता आणि पापुद्रा उचलून चकतीवर सोडता. तो दगडाला चिकटतो. एक कण त्याच्या काही दशक नॅनोमीटर खाली आहे. रेषा दुभंगते, एक अर्धा वर जातो, एक खाली, चांगला शेकडो मेगाहर्ट्झ. जरा थांबा, उजेड एकंदरीतच मंदावलाय: क्षेत्र अक्षाला फार तिरकं झालं की असं होतं. बाहेरचं लोहचुंबक थोडं फिरवून घ्या. हां. आता रेषा स्वच्छ आहे. भोवतालच्या बिंदूंची मापं जुळवलीत की कणाची दिशा निघते: दक्षिण-आग्नेय, खाली. सेशेल्स अजून सुटलेलं नव्हतं तेव्हाची.

तीन मायक्रोमीटरवर दुसरा कण आहे, जरा मोठा, मऊ स्वभावाचा. त्याची दिशा उत्तर. असे कण आपली जुनी दिशा फार काळ धरून ठेवत नाहीत, गेल्या काही हजार वर्षांच्या क्षेत्रात ते सावकाश वळून जातात. घाट बांधला गेला, पाइप उतरले, ट्राम धावली आणि बंद झाली, तोवर हा कण आजच्या उत्तरेकडे होऊन गेलेला होता. १९५८ च्या तंतूखाली ही चकती ठेवली असती तर दोघांची बेरीज हाती आली असती, आणि ती सोडवायला दगड भट्टीत पायरी-पायरीने तापवावा लागला असता.

चकतीवर अजून बरेच कण आहेत. लेसर पुढच्या कणावर सरकवा.